खडूच्या दगडाचे माळरान

इंग्लंडमध्ये सॅलिस्बरी नावाचे मोठे माळरान आहे. थोडी माती उकरली की खाली पांढरा मऊ दगड लागतो, आपल्या फळ्यावरच्या खडूसारखा. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी लोकांनी तिथे मोठमोठ्या शिळा गोल उभ्या केल्या. त्याला स्टोनहेंज म्हणतात. एकेक शिळा वीस-पंचवीस टनांची! आणि लोखंडाची पहारसुद्धा नव्हती तेव्हा. पुढे शेकडो वर्षे तिथे मेंढ्या चरल्या. १८९७ पासून लष्कराने जमीन विकत घेतली. त्या माळावर इंबर नावाचे गाव होते. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, गावाला सांगितले की ४७ दिवसांत घरे खाली करा, सैनिकांना सराव करायचा आहे. लोक गेले. युद्ध संपले तरी त्यांना परत येऊ दिलेच नाही. शिळा बघायला सगळे जातात, पण मला या गावाचेच जास्त वाईट वाटते. तिथले जुने चर्च अजून उभे आहे. वर्षातले थोडेच दिवस ते उघडतात.