४२९४९६७२९७

मथळ्यांतील संख्येला कोणत्या संख्येनें निःशेष भाग जातो? वाचकहो, उत्तर देण्याची घाई करूं नका. ही संख्या चारशें एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशें सत्त्याण्णव आहे, आणि तिनें एका थोर गणितज्ञास चकविलें आहे.

तिची उत्पत्ति अगदीं साधी. २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५५३६. २ पासून असे वर्ग करीत जावें व प्रत्येकांत १ मिळवावा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही मालिका तयार होते. या पांचही मूळ संख्या आहेत; म्हणजे १ व ती संख्या स्वतः यांवांचून त्यांना दुसरा भाजक नाहीं. तुलूज येथील न्यायाधिकारी प्येर द फर्मा यानें १६४० सालीं एका पत्रांत लिहिलें कीं, मालिका कितीही वाढविली तरी प्रत्येक संख्या मूळच निघेल असें मला वाटतें. याची सिद्धता मात्र आपणांस सांपडलेली नाहीं, हें त्यानें प्रांजळपणें कबूल केलें.

मालिकेंतील सहावी संख्या आपल्या मथळ्यांतली. तिची परीक्षा सोपी नव्हे. तिचें वर्गमूळ ६५५३६ हून किंचित् अधिक आहे, आणि तेथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. त्या सर्वांनीं भागून पाहण्याची शिक्षा मी वर्गांतील अत्यंत खोडकर मुलासही देणार नाहीं!

१७३२ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, स्विस गणितज्ञ ऑइलर यानें दाखविलें कीं, हिला ६४१ नें निःशेष भाग जातो. पालकांनींही कागद-पेन्सिल घेऊन ताळा पाहावा; लांबलचक भागाकाराची गरज नाहीं. ६५५३६ ला ६४१ नें भागिलें असतां बाकी १५४ उरते. आपली संख्या म्हणजे ६५५३६ चा वर्ग अधिक १. म्हणून त्या बाकीचाच वर्ग करूं. तो २३७१६. त्यास ६४१ नें भागितां बाकी ६४०. तींत १ मिळविला कीं ६४१, म्हणजे बाकी शून्य! दुसरा भाजक ६७००४१७.

हें फळ्यावर सोडविलें तेव्हां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, फर्मानें भागून कां पाहिलें नाहीं?" प्रश्न मोठा मार्मिक; कारण किल्ली फर्माच्याच खिशांत होती. या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६४ च्या एखाद्या पटींत १ मिळवून झालेलाच असला पाहिजे. हा नियम ज्या सिद्धांतांतून निघतो तो फर्माचाच, व तोही त्यानें १६४० सालींच कळविलेला! ६५, १२९ इत्यादि मूळ नसलेल्या संख्या गाळल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ राहतात. पांचव्याच भागाकारांत निकाल लागला असता.

सातवी संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिला २७४१७७ नें भाग जातो, हें लान्द्री नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १८८० सालीं शोधिलें. ६५५३७ च्या पुढें या मालिकेंत एकही मूळ संख्या आजवर सांपडलेली नाहीं. परंतु पुढें कधींच सांपडणार नाहीं, असेंही कोणी सिद्ध केलेलें नाहीं.