शाळेंतील पाटी आणि पडदा

वर्गांत यंत्र असावें कीं नसावें, हा वाद आज घरोघरीं चालू आहे. शाळेनें प्रत्येक मुलास टॅब्लेट घ्यावयास सांगितलें कीं, तरुण मंडळी म्हणतात, काळाबरोबर चालावें. वडील मंडळी म्हणतात, पाटी सुटली कीं अक्षर गेलें आणि अक्षराबरोबर चित्ताची स्थिरताही गेली. परंतु असल्या प्रश्नाचा निकाल केवळ मतांवर न सोडतां, ठिकठिकाणीं काय अनुभव आला तें पाहून लावणें श्रेयस्कर, असें आम्हांस वाटतें.

वाद नवा नाहीं. शाळांतून पुस्तकें लवकरच नाहींशीं होऊन चलच्चित्रें त्यांची जागा घेतील, असें भाकीत एडिसन यांनीं १९१३ सालींच केलें होतें. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. पुस्तक अद्याप जागेवर आहे.

पेरू देशानें दरिद्री खेड्यांतील मुलांच्या हातीं लहान संगणक देण्याचा मोठा उद्योग केला. ३१९ शाळांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. मुलें संगणक हाताळावयास शिकलीं. परंतु भाषा व गणित या विषयांत इतरांच्या पुढें गेल्याचें आढळलें नाहीं. यंत्र आलें, पण शिकविण्याची रीत होती तीच राहिली.

एवढ्यावरून यंत्रालाच दोष देणें मात्र अन्यायाचें होईल. दिल्ली येथें २०१५-१६ सालीं शाळा सुटल्यावर कांहीं मुलांस रोज दीड तास शिकविण्यांत आलें. निम्मा वेळ संगणकापुढें, निम्मा शिक्षकापाशीं. मूल कोणत्या इयत्तेंत बसतें हें न पाहतां, त्यास खरोखर किती येतें हें संगणक आधीं तपासी आणि तेथून पुढचा धडा देई. साडेचार महिन्यांत हीं मुलें गणित व हिंदी या दोहोंत आपल्या सोबत्यांच्या पुढें गेलीं. पन्नास मुलांच्या वर्गांत प्रत्येकास निराळा धडा देणें एका गुरुजींस शक्य नसतें. यंत्रानें तें काम उचललें, म्हणूनच तें उपयोगी पडलें.

आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांस क्यूआर संकेत जोडून पाठ व कविता मुलांस ऐकावयाची सोय केली. त्यांस २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तो यंत्रास नव्हे, शिक्षकास मिळाला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

याच्या उलट स्वीडन. संपन्न व यंत्रप्रिय अशा त्या देशानें २०२३ सालीं छापील पाठ्यपुस्तकांसाठीं ६८ कोटी ५० लक्ष क्रोनर मंजूर केले, आणि बालशाळांवरील डिजिटल साधनांची सक्ती मागें घेण्याचें ठरविलें. वाचन, लेखन आणि एकाग्रता यांचा पाया पुस्तकानें व हातानेंच घातला जातो, अशी त्यामागील विचारसरणी होती.

या सर्वांतून आम्हांस एकच गोष्ट स्पष्ट दिसते. एखाद्या विशिष्ट उणीवेवर उपाय म्हणून आणलेलें यंत्र गुण देतें. भूषण म्हणून आणलेलें यंत्र केवळ खर्च वाढवितें. म्हणून शाळेनें नव्या यंत्रासाठीं पैसे मागितले, तर पालकांनीं एकदम होकार अथवा नकार देऊं नये. कोणत्या विषयांतील कोणती अडचण यानें दूर होणार? गुरुजींस त्याचें शिक्षण मिळालें आहे काय? आणि वर्षाअखेर लाभ झाला कीं नाहीं, हें कसें मोजणार? असें नम्रपणें विचारावें.

घरांतील कर्तव्यही सुटत नाहीं. २०२४ च्या 'असर' पाहणींत ग्रामीण भागांतील १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकीं सुमारें ५७ टक्क्यांनीं मागील आठवड्यांत स्मार्टफोन अभ्यासासाठीं वापरल्याचें सांगितलें, तर समाजमाध्यमांसाठीं वापरणारीं ७६ टक्के निघालीं. हें अंतर शाळा एकटी कमी करूं शकत नाहीं. एकत्र कुटुंबांत आजोबा-आजी, काका-काकू यांपैकीं कोणा एकानें रोज अर्धा घटका मुलाचें मोठ्यानें वाचन ऐकावें आणि वहींतील अक्षर पाहावें. यास वीज लागत नाहीं, पैसाही लागत नाहीं. लागतो तो वडील माणसांचा वेळ, आणि मुलांना उणा पडतो तोही बहुधा तोच.