पहिली रायफल आणि हरभऱ्यातील ससा

गेल्या पौषात आम्ही अहमदपूरास आमच्या थोरल्या भगिनीकडे चार दिवस राहून आलो. नांदेड-लातूर रस्त्यावरील हे तालुक्याचे गाव बालाघाटाच्या पठारावर वसले आहे. थंडीच्या दिवसांत गावाबाहेर पडावे तो एकीकडे तुरीचे उंच ताटवे आणि दुसरीकडे गुडघ्याएवढा हिरवागार हरभरा. ताईंच्या घरी चार भावांची एकच चूल आहे, आणि शेती बारा एकरांची. वाचकांस वाटेल, अशा सुस्थित घरात वादाचे कारण ते काय असावे? कारण होता एक ससा. किंबहुना अनेक ससे. रात्री येऊन ते हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून जात, आणि सकाळी बांधाकडच्या ओळी कात्रीने छाटल्यासारख्या दिसत.

आमचे भाचे नुकतेच कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेले. त्यांनी पहिल्याच रात्री जेवताना विषय काढिला. "मामा, .22 ची एक रायफल घ्यावी म्हणतो. आवाज थोडा, काडतूस स्वस्त, आणि सशास ती पुरते. आपण जाणकार आहात, कोणती घ्यावी ते सांगा." ताईंच्या सासूबाई, ज्यांस सारे घर आजी म्हणते, पलीकडे बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "आपल्या घरात मांस शिजत नाही. ससा मारून त्याचे करायचे काय ते आधी ठरवा, मग बंदूक ठरवा." आजींचा प्रश्न भाच्यांस जुनाट वाटला असावा. पण बंदूक निवडण्याच्या शास्त्रात पहिला प्रश्न हाच आहे, हे आम्ही त्यांस त्याच वेळी सांगितले.

.22 म्हणजे ज्या नळीचे तोंड इंचाच्या शंभर भागांपैकी 22 भाग रुंद, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर आहे ती रायफल. आज सर्वत्र चालणारे 'लाँग रायफल' नावाचे काडतूस अमेरिकेत 1887 च्या सुमारास निघाले. गोळी 40 ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया येथील शेतकऱ्यांनी तिला आपलेसे केले, याचे कारण तेथील ससा वेगळा. तो बीळ करून कळपाने राहतो. 1859 साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेने दोन डझन ससे सोडिले, आणि पुढे त्यांच्या संततीने कुरणेच्या कुरणे फस्त केली. तेथे ती रायफल शेतीचे अवजार ठरली यात नवल नाही. या रायफलींवरील पुष्कळ पुस्तके त्याच देशांत लिहिली गेली, आणि आमच्या भाच्यांनी ती वाचली होती.

आपला ससा त्या जातीचा नव्हे. तो बीळ करीत नाही. दिवसा गवताच्या आडोशास उथळ खळग्यात दबून बसतो आणि अंधार पडला की चरावयास निघतो. मुख्य म्हणजे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास अभय दिले आहे. 2022 मध्ये कायद्याची परिशिष्टे नव्याने मांडली गेली तरी ते अभय उठले नाही. फास लावणे, जाळ्यात धरणे, याही गोष्टी कायद्याच्या भाषेत शिकारच होत. उभ्या पिकास उपद्रव झाला तर वनखात्याच्या अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी मिळू शकते खरी. रानडुकरांच्या बाबतीत शेतकरी ती मागतातही. पण चार ओळी हरभऱ्यासाठी ससा मारण्याची परवानगी मागावयास कोण जाणार? काळविटास तर कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण आहे. त्याच्याकडे नळी रोखण्याचा विचारही नको.

हे ऐकून भाचे म्हणाले, "मग डुकरासाठी तरी घेऊ." येथे आम्हांस त्यांस जरा कठोरपणे सांगावे लागले. परवानगी हाती असली तरी रानडुकरावर .22 चालविणे हे क्रौर्य आहे. ती हलकी गोळी त्यास ठार करीत नाही, केवळ जखमी करते. आणि जखमी डुक्कर तुरीत शिरले तर पहाटे तेथे खुरपावयास जाणाऱ्या बाईचे काय होईल?

खुरपणाऱ्या बायांचा उल्लेख आम्ही उगाच करीत नाही. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना, म्हणजे हा कायदा होण्यापूर्वी, वडिलांचे एक स्नेही .22 घेऊन आमच्या मळ्यात आले होते. बांधावर ससा दिसला, त्यांनी नेम धरिला, गोळी चुकली. ती बांधातील दगडावर आपटून मधमाशीसारखी गुणगुणत वर गेली, आणि पलीकडच्या रानातून एकदम ओरडा झाला. तेथे सहा बाया निंदत होत्या. एकीच्या डोक्यावरील पदराजवळून काही सणकन गेल्याचे तिने सांगितले. कोणास इजा झाली नाही. पण वडिलांनी त्या दिवशी स्नेह्यांस जेवू घालून मुकाट्याने स्टेशनावर पोहोचविले, आणि पुन्हा कधी बोलाविले नाही. ही गोळी सुमारे दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आमच्या पठारावर जमीन सपाट, रब्बीत माती कडक, बांध दगडांचे, आणि एका शेतापलीकडे दुसऱ्याचे शेत, सालगड्याचे खोपट, शाळेची वाट. मागे मातीचा उंच ढिगारा असल्यावाचून जी गोळी सोडणे पाप, ती रात्रीच्या अंधारात बॅटरीच्या उजेडावर कोठे सोडणार?

कायदा करणारांसही हे कळत होते असे दिसते. 1959 च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणासाठी म्हणून जिचे नाव घेतले आहे ती रायफल नव्हे, ठासणीची बंदूक होय. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी बिनआट्याची, म्हणजे गुळगुळीत नळीची, बंदूक देता येते. तिचे छर्रे थोड्या अंतरावर गळून पडतात. रायफलीच्या नळीत आतून वळणदार आटे कोरलेले असतात, त्यांनी गोळी फिरत जाते आणि म्हणूनच सरळ व दूर जाते. दूर जाणे हाच तिचा गुण, आणि शेतात तोच तिचा दोष.

मग .22 कोणी घ्यावीच नाही काय? तसे आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्रात तिचे खरे स्थान निशाणाच्या मैदानावर आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिक येथे 50 मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले, आणि त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटरच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक आणिले, ते याच व्यासाच्या रायफलीने. भाच्यांस हे सांगताच त्यांची मुद्रा पालटली.

निशाणासाठी ज्यांस पहिली रायफल घ्यावयाची आहे त्यांनी आधी क्लबात नाव घालावे आणि तेथील रायफल सहा महिने वापरावी. 2016 च्या नियमांप्रमाणे परवान्यासाठी शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घ्यावेच लागते. विदेशी मालाची आयात सामान्य ग्राहकास खुली नसल्यामुळे निवड आखूड आहे: देशी कारखान्यात बनलेली रायफल, नाहीतर पूर्वी आलेली जुनी विदेशी. जुनी घेताना नळी उजेडाकडे धरून आतून पाहावी. आटे स्पष्ट आणि चकचकीत दिसले पाहिजेत, गंजाचे खड्डे असतील तर सौदा सोडावा. नवशिक्याने एका वेळी एकच काडतूस घेणारी, बोल्टची रायफल घ्यावी. प्रत्येक बारानंतर हाताने पुन्हा भरावे लागते, आणि तेवढ्या अवधीत माणूस विचार करितो. दस्ता खांद्यास लावल्यावर मान न वाकविता माशी डोळ्यासमोर आली पाहिजे आणि बोटाचे पेर सहज चापावर पडले पाहिजे. हे न जमेल ती रायफल कितीही नामांकित असो, आपली नव्हे. दुर्बीण प्रथम घेऊच नये. काडतुसे दोन-तीन प्रकारची आणून पाहावीत. एकाच बनावटीच्या दोन रायफलींनाही निरनिराळी काडतुसे मानवतात.

आणि एकत्र कुटुंबात ती ठेवावयाची कोठे? ज्या घरात सात मुले आणि सणासुदीस त्यांची सात भावंडे, तेथे माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवणे म्हणजे अपघातास आमंत्रण. रायफल एका कुलपात, तिचा बोल्ट दुसऱ्या कुलपात, काडतुसे तिसऱ्या. रझाकारांचा काळ आठवणारी माणसे आमच्या मराठवाड्यात आता थोडी उरली आहेत. पण आजींच्या पिढीस घरातील बंदूक ही करमणुकीची वस्तू वाटत नाही, याचा मान तरुणांनी ठेवावा.

हरभऱ्याचे काय, हे राहिलेच. ससा बीळ करणारा नसल्याने बांधाच्या बाजूने कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशी बारीक छिद्रांची, कमरेएवढी जाळी ठोकावी आणि तिची खालची वीतभर कड बाहेरच्या अंगास दुमडून तीवर माती व दगड टाकावेत. बारा एकरांस नव्हे, कोवळ्या हरभऱ्याच्या तुकड्यापुरती. उंदरांसाठी शेतात पक्षीथांबे उभारावेत. गव्हाणी घुबड रात्रीतून जे काम करिते ते कोणत्याही नेमबाजाच्याने होणार नाही. धान्याच्या कोठारातील उंदरांस पिंजरा आणि मांजर पुरे.

परवा ताईंचे पत्र आले. जाळी लागली. एका रात्री सालगड्याने फाटकाखाली वीतभर फट ठेविली तेव्हा ससा आत आला होता, आणि बाहेर पडण्याची वाट न सापडून सकाळपर्यंत आतच फिरत होता. भाच्यांनी फाटक उघडून त्यास हाकलून दिला. भाच्यांनी क्लबासाठी अर्ज केला असून तूर्त परवाना न लागणारी, .177 ची छर्ऱ्याची हवाबंदूक ओळखपत्र दाखवून आणिली आहे. गोठ्यामागे मातीच्या पोत्यांची भिंत रचून कागदी निशाणावर दहा मीटरांचा सराव चालतो. सराव चालू असेतो मांजर घरात कोंडून ठेवावे, अशी आजींची अट आहे.