व्यासपीठ आहे, मानधनाचे काय?

अमेरिकेतील एखाद्या मध्यम आकाराच्या प्रॉटेस्टंट चर्चचे वर्षभराचे वेळापत्रक पाहिले, तर त्यात खास महिलांसाठी योजलेले काही कार्यक्रम हमखास आढळतात. डिसेंबरमध्ये नाताळनिमित्त चहापान किंवा भोजन, मे महिन्यात ‘मदर्स डे’च्या सुमारास मायलेकींचा मेळावा, वसंत अथवा शरद ऋतूत शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या दुपारपर्यंत चालणारे निवासी शिबिर आणि लहान मुलांच्या मातांसाठी आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी भरणारी सकाळची बैठक. या कार्यक्रमांसाठी अनेकदा बाहेरून पाहुण्या वक्त्या बोलावल्या जातात. त्या दुसऱ्या गावाहून स्वतः मोटार चालवत येतात, अर्धा-पाऊण तास बोलतात, नंतर भेटायला थांबलेल्या स्त्रियांची दुःखे ऐकून घेतात आणि रात्री घरी परततात. सोमवारी सकाळी त्यांच्यापैकी बहुतेक जणी पुन्हा आपल्या शाळेत, रुग्णालयात, कार्यालयात किंवा घरच्या कामात असतात.

या अर्धवेळ कामाला तेथे ‘सेवा’ म्हणण्याची रीत आहे. सेवा म्हटले की पैशांचा विषय काढणे प्रशस्त वाटत नाही. मात्र ज्या कामासाठी तयारी करावी लागते, प्रवास करावा लागतो आणि ज्याच्या मिळकतीवर सरकार करही आकारते, त्याला केवळ सेवा म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकी चर्चमधील स्त्रीच्या स्थानाचाही विचार करावा लागतो.

भारताशी जुळलेला आरंभ

या परंपरेच्या आरंभीच्या टप्प्याचा भारताशी जवळचा संबंध आहे. मार्च १८६९ मध्ये बोस्टनच्या ट्रेमाँट स्ट्रीट मेथडिस्ट चर्चमध्ये एक सभा भरली. वादळी पावसामुळे मोजक्याच स्त्रिया तेथे पोहोचू शकल्या. भारतात राहून आलेल्या क्लेमेंटिना बटलर आणि लोइस पार्कर या दोन मिशनरी-पत्नींनी त्यांच्यासमोर उत्तर हिंदुस्थानातील स्त्रियांची परिस्थिती मांडली. त्या सभेतून ‘विमेन्स फॉरिन मिशनरी सोसायटी’ ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी तिने इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन यांना हिंदुस्थानात पाठविले. लखनौचे इझाबेला थोबर्न महाविद्यालय आणि बरेलीचे स्त्रियांचे रुग्णालय ही या दोघींच्या कार्याची फळे होत. मूठभर स्त्रियांपुढे केलेले भाषण किती दूरवर पोहोचू शकते, याचे हे उदाहरण आहे.

पुढे याच वर्तुळात एका मराठी स्त्रीने आपल्या वाणीचा प्रभाव पाडला. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. मात्र त्यांचा मुक्काम जवळजवळ तीन वर्षे लांबला. चर्चशी निगडित महिला संघटना, मद्यपानविरोधी चळवळीतील स्त्रिया आणि शिक्षणसंस्था यांच्यापुढे त्यांनी अमेरिका आणि कॅनडात गावोगाव भाषणे दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे अर्थसाह्य करण्याची जबाबदारी तिने पत्करली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. त्याच वर्षी रमाबाईंचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरील मराठी पुस्तकही प्रसिद्ध झाले. अमेरिकी स्त्रिया संस्था कशा चालवितात, याचे त्यांनी त्यात बारकाईने वर्णन केले आहे.

विसाव्या शतकात या सभांचे स्वरूप बदलले. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे हेलन डफ बॉ यांच्या पुढाकाराने ‘स्टोनक्रॉफ्ट’ ही चळवळ सुरू झाली. भोजनाच्या निमित्ताने स्त्रियांना एकत्र आणायचे आणि एखाद्या सामान्य स्त्रीने स्वतःच्या आयुष्याची कहाणी सांगायची, ही तिची पद्धत. १९७३ मध्ये कोलोरॅडोतील व्हीट रिज येथे लहान मुलांच्या मातांसाठी ‘मॉप्स’ ही संघटना निघाली. २०२३ पासून ती ‘मॉमको’ या नावाने ओळखली जाते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘विमेन ऑफ फेथ’ या परिषदांनी तर हजारो आसनांची क्रीडागारे भरविली. मोठ्या मंचावरील वक्त्यांना कीर्ती मिळाली. मात्र या परंपरेचा खरा भार वाहिला तो लहान चर्चच्या तळघरातील सभागृहात बोलणाऱ्या अपरिचित स्त्रियांनी.

पुलपिटापासून चार पावले दूर

महिलांच्या मेळाव्यांना एवढे महत्त्व का आले, याचे एक कारण धर्मशास्त्रीय वादात आहे. नव्या करारातील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन अनेक इव्हँजेलिकल चर्च स्त्रियांना पाळकपद नाकारतात आणि पुरुष उपस्थित असलेल्या उपासनेत त्यांनी प्रवचन करू नये, असेही मानतात. त्याच वचनांचा वेगळा अर्थ लावून मेथडिस्ट चर्चने १९५६ मध्ये स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण अधिकार दिले. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने १९७६ मध्ये स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता दिली. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या तेथील सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने मात्र २००० सालच्या आपल्या श्रद्धापत्रात पाळकपद पुरुषांपुरतेच राखले. जून २०२३ मध्ये तिने स्त्री-पाळक नेमल्याच्या कारणावरून कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक या विशाल चर्चला बाहेर ठेवण्याचा निर्णय कायम केला. स्त्री-पाळकांवरील बंदी घटनेतच घालावी, हा ठराव २०२४ मध्ये ६१ टक्के मते मिळूनही दोन तृतीयांश बहुमताअभावी फेटाळला गेला. २०२५ मध्येही त्याला आवश्यक तेवढी मते मिळाली नाहीत.

प्यू रिसर्च सेंटरच्या २०१४ मधील पाहणीनुसार अमेरिकी इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंटांमध्ये स्त्रियांचे प्रमाण ५५ टक्के होते. निम्म्याहून अधिक असलेल्या या वर्गातील ज्या स्त्रियांना बोलण्याचे, शिकविण्याचे वरदान लाभले आहे, त्यांनी जावे कोठे? महिलांचा मेळावा हे त्यावरचे मान्यताप्राप्त उत्तर ठरले. ड्यूक विद्यापीठातील इतिहासकार केट बोलर यांनी २०१९ मधील ‘द प्रीचर्स वाइफ’ या ग्रंथात याच गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. चर्चच्या अधिकृत पदांपासून दूर राहिलेल्या स्त्रियांनी पुस्तके, परिषदा आणि प्रसारमाध्यमे यांच्या बाजारात आपला प्रभाव निर्माण केला. पण पदाचे संरक्षण नसल्याने तो प्रभाव नेहमीच डळमळीत राहिला.

बेथ मूर यांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. स्त्रियांसाठीच्या बायबल-अभ्यासवर्गांमुळे देशभर परिचित झालेल्या मूर यांनी २०१९ मध्ये ‘मदर्स डे’च्या दिवशी एका चर्चमध्ये बोलण्याचे संकेत दिले आणि मोठा वाद उसळला. मार्च २०२१ मध्ये आपण सदर्न बॅप्टिस्ट राहिलो नसल्याचे त्यांनी जाहीर केले. एवढ्या नामवंत वक्त्यांची ही स्थिती, तर गावोगाव फिरणाऱ्या अर्धवेळ वक्त्यांना आपली मर्यादा किती सांभाळावी लागत असेल, याची कल्पना यावी. शनिवारी स्त्रियांपुढे केलेल्या बोलण्याला ‘भाषण’ म्हणायचे. तेच रविवारी पुलपिटावरून केले तर ते ‘प्रवचन’ होते, आणि मग आक्षेप येतात.

निमंत्रणापासून निरोपापर्यंत

या कामाची रीत साधारणपणे ठरलेली असते. चर्चमधील महिला समिती कार्यक्रमाच्या बरेच महिने आधी वक्त्यांचा शोध सुरू करते. तोंडी शिफारस हा त्यातील सर्वांत भरवशाचा मार्ग. वक्त्यांकडे एक माहितीपत्रक असते. त्यात चार-सहा विषय, अल्प परिचय आणि छायाचित्र असते. क्षमा, शोक, चिंता, वैवाहिक ताण, एकटेपण, वार्धक्यातील आईवडिलांची शुश्रूषा हे नेहमीचे विषय. अनेक चर्च वक्त्यांचे श्रद्धापत्र तपासतात आणि त्यांच्या स्वतःच्या पाळकाचे शिफारसपत्र मागतात. चहापानासाठी एक भाषण पुरते; निवासी शिबिरात मात्र तीन-चार सत्रे एकाच सूत्रात गुंफावी लागतात. नवोदितांना या कलेचे शिक्षण देणारे वर्गही निघाले. फ्लॉरेन्स लिटॉवर (१९२८–२०२०) यांनी लेखिका आणि वक्त्या घडविणारी शिबिरे अनेक वर्षे घेतली.

या भाषणांचा गाभा असतो तो ‘साक्ष’, अर्थात स्वतःच्या जीवनातील ईश्वरी अनुभवाचे कथन. मराठी ख्रिस्ती वाचकांना हा शब्द परिचित आहे. साक्षीचे सामर्थ्य तिच्या खरेपणात असते. तिचा धोकाही तेथेच असतो. मूल गमावल्याची, पतीच्या व्यसनाची किंवा स्वतःच्या नैराश्याची कहाणी वर्षातून दहा वेळा सांगावी लागली, तर जखम भरण्याऐवजी ती रोज नव्याने उघडली जाते. शिवाय त्या कहाणीत पती, मुले, सासर-माहेरची माणसेही असतात. त्यांची संमती घेतली आहे का, हा प्रश्न जाणत्या वक्त्या आधी स्वतःला विचारतात. ज्या दुःखातून आपण बाहेर पडलो नाही, ते व्यासपीठावर नेऊ नये, हा संकेत त्यामुळेच अनेक जणी पाळतात. भाषणानंतर एखादी श्रोती घरातील मारहाणीविषयी सांगू लागली, तर प्रार्थना करून तिला परत पाठविणे पुरेसे नसते. स्थानिक मदतकेंद्राची माहिती जवळ असणे हा या कामाचाच भाग आहे.

हिशेबाची वही

मोबदल्याचे मार्ग साधारणपणे चार. ठरविलेले शुल्क, चर्चने स्वेच्छेने दिलेले मानधन, त्या दिवशी थाळी फिरवून जमलेले अर्पण अर्थात ‘लव्ह ऑफरिंग’, आणि सभागृहाबाहेरील टेबलावर होणारी स्वतःच्या पुस्तकांची विक्री. अनेक ठिकाणी आकडा आधी सांगितलाच जात नाही. निरोप घेताना आभारपत्रासोबत एक पाकीट हाती ठेवले जाते.

समजा, त्या पाकिटात ३०० डॉलर आहेत आणि प्रवासखर्च वेगळा दिलेला नाही. कार्यक्रमाचे ठिकाण १२० मैलांवर असेल, तर जाऊन-येऊन २४० मैल होतात. अमेरिकी आयकर खात्याने २०२५ साठी व्यवसायानिमित्तच्या मोटार प्रवासाला मैलामागे ७० सेंट हा दर मान्य केला होता. त्या हिशेबाने प्रवासावरच १६८ डॉलर खर्च झाले आणि हाती उरले १३२. तयारीचे १२ तास, प्रवासाचे चार आणि कार्यक्रमाचे तीन असे १९ तास धरले, तर तासाला सात डॉलरही पडत नाहीत. तेथील केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे.

यावर करही असतो. पाकिटावर ‘भेट’ असे लिहिले, तरी ती कामाबद्दल दिलेली रक्कम असल्याने उत्पन्नातच धरली जाते. स्वयंरोजगारातील वर्षाची निव्वळ मिळकत ४०० डॉलर झाली, की आयकराखेरीज १५.३ टक्के दराने स्वयंरोजगार कर लागू होतो. त्यातील १२.४ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी आणि २.९ टक्के वैद्यकीय विम्यासाठी असतात. नोकरदाराच्या बाबतीत यातील अर्धा वाटा मालक भरतो. येथे सर्व भार वक्त्यांवरच. वर्षात ६०० डॉलर किंवा अधिक रक्कम दिल्यास चर्चने ती सरकारला कळविण्याचा नियम होता. २०२५ च्या कायद्याने ही मर्यादा २०२६ पासून २,००० डॉलर केली. मात्र चर्चने कळविले नाही, म्हणून उत्पन्न दाखविण्याची जबाबदारी टळत नाही. प्रवासाचे मैल, मुक्काम, छपाई यांच्या नोंदी ज्या ठेवतात, त्यांना वजावट मिळते. ज्या ‘ही तर सेवा’ म्हणून वहीच ठेवत नाहीत, त्यांचा दुहेरी तोटा होतो.

स्पष्टपणात अनादर नाही

अर्थात, प्रत्येक चर्च श्रीमंत नसते. चाळीस स्त्रियांच्या लहानशा मंडळीला मोठे शुल्क परवडणार नाही, हे उघड आहे. तेथे विनामूल्य बोलणे हा वक्त्यांचा स्वतःचा निर्णय असू शकतो, आणि तो आदरास पात्र आहे. अडचण निर्माण होते ती मौनामुळे. तारीख, सत्रांची संख्या, प्रवासखर्च, मुक्काम, मानधन, ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय करायचे, या सात बाबींचे एक पानी पत्र दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केले, तर कोणालाच संकोच वाटण्याचे कारण उरत नाही. मानधन शून्य असेल, तर तेही त्यात लिहावे. पाहुणा पुरुष प्रवचनकार आणि महिला वक्त्या यांना एकाच मोजमापाने मानधन मिळते का, हे तपासण्याची सवयही महिला समित्यांनी लावून घ्यायला हवी.

पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतील स्त्रियांपुढे आपला उद्देश मांडला, तेव्हा केवळ सहानुभूतीवर त्या थांबल्या नाहीत. मदतीसाठी रीतसर संस्था आणि दहा वर्षांची मुदत त्यांनी मिळविली. त्यामुळे त्यांच्या कार्याचे मोल उणे झाले नाही आणि शाळाही उभी राहिली. पाहुण्या वक्त्यांना निमंत्रणाचे पत्र लिहायला बसणाऱ्या महिला समितीने त्यात मानधनाची ओळ आधीच घातली, तर सेवेचे मोल कमी होणार नाही. ती करणाऱ्या स्त्रीचा सन्मान मात्र निश्चित वाढेल.