फांदी मोडली, जबाबदार कोण?

मंडळी, ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ असं आपण सहज म्हणतो. संस्कृतातला काकतालीय न्याय याच जातीचा. म्हणीनं कावळा सुटला, ठीक झालं. पण ती फांदी शेजारच्या लिंबाची असली आणि आपल्या पत्र्यावर पडली असली, तर झाडवाल्याचं काय? तिथं म्हण गप्प बसते. वळवाच्या वाऱ्यानंतर आपल्या परभणीत गल्लोगल्ली हाच वाद निघतो, म्हणून आज तेवढंच बघू.

आमच्या नैयायिकांचं एक लाडकं उदाहरण आहे. कुंभाराची माती गाढवानं वाहून आणली. घडा व्हायच्या आधी गाढव हजर होतं, तरी ते घड्याचं कारण नाही, ते ‘अन्यथासिद्ध’. म्हणजे आधी हजर असणं वेगळं, कारण असणं वेगळं. आपण आणखी एक पायरी उतरू: कारण असणं वेगळं आणि जबाबदार असणं वेगळं. फांदी शेजाऱ्याच्याच झाडाची, तिनंच पत्रा फोडला, यात वाद नाही. पण एवढ्यावर भरपाई मागता येते का?

इंग्लंडमध्ये 1926 साली असा खटला झाला. रस्त्यावर आलेली बीच झाडाची फांदी, हवा चांगली असताना, अचानक मोडून चालत्या मोटारीवर पडली. तिच्या आतली चीर नीट पाहणी करूनही दिसली नसती. न्यायालयानं मालकाला सोडलं. उलट दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्या माणसावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडून तो दगावला, तेव्हा 1999 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं महानगरपालिकेला जबाबदार धरलं. रस्त्याकडेच्या झाडांवर नजर ठेवणं तिचं कामच होतं. दोन्हीकडे मोडली फांदीच. फरक एवढाच, की धोका कळण्यासारखा होता का, आणि कळून घेणं कुणाचं काम होतं.

इथं आपली अडचण सुरू होते. फांदी वाळलीय हे बहुतेक वेळा झाडवाल्याला दिसतच नाही. ज्याच्या पत्र्यावर ती लोंबते त्याला रोज दिसते. त्यानं लिहून कळवलं, की ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर संपलं. आणि आपण कळवत नाही. तोंडदेखलं बोलतो, ‘दादा, बघा जरा’. कागद दिला तर संबंध बिघडतील, लोक म्हणतील कोर्टात निघाला. मग फांदी पडते आणि दोघंही दैवावर ढकलतात. आम्हाला वाटतं, यातलं निम्मं दैव आपल्या संकोचाचं असतं.

कागदानंही हललं नाही तर तहसीलदारांकडे, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, जाता येतं. पडून इजा करील असं झाड हटवण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश ते काढू शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 मध्ये होतं; 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152.

आपल्या हद्दीत आलेली फांदी आपण तोडावी का? 1894 सालच्या एका इंग्लिश निकालानं हद्दीपुरती तोडायची मुभा दिली, शेजाऱ्याच्या जागेत पाय न टाकता. आपल्याकडेही हेच तत्त्व चालतं. वर्षानुवर्षं सहन केली म्हणून फांदीला तिथं राहायचा हक्क मिळत नाही, कारण ती रोज वाढते. काल होती ती आज नाही. (तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद फार गोड वाटतो.) तोडलेलं लाकूड आणि फळं मात्र झाडवाल्याचीच. शहरात मात्र एकदम कुऱ्हाड उचलू नका. 1975 च्या नागरी क्षेत्र वृक्ष कायद्यात झाडाला इजा करणंही ‘तोडणं’च धरलंय, तेव्हा आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला विचारा.

गावाकडचा बांध निराळा. बाभळीचा वसवा लागून ज्वारीचे दोन-चार तास खुरटतात, तिथं ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोयच नाही. सगळ्या गावाला दिसतं. तिथला वाद कळण्याचा नाही, सोसण्याचा आहे. कुणी किती सोसायचं, हे कायद्यापेक्षा दोन भावकीतच ठरतं.

आता विहिरीच्या बांधकामात शिरलेल्या पिंपळाच्या मुळ्या राहिल्या. फांदी निदान डोक्यावर तरी असते, मुळी जमिनीखाली; कळवणार कोण आणि काय? ते पुढच्या व्याख्यानात घेऊ.