मान घेणारे, मान परत करणारे

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारनं वर्ध्यातल्या एका तरुण मारवाडी व्यापाऱ्याला रायबहादूर केलं. घरची पेढी मोठी, सरकारदरबारी वजन, ऑनररी मॅजिस्ट्रेटचं पद आधीच पदरात. त्या काळच्या हिशेबानं माणूस मार्गी लागला होता. पण 1921 मध्ये असहकाराच्या चळवळीत जमनालाल बजाजांनी ती पदवी सरकारला परत करून टाकली. त्याच्या आदल्या वर्षी गांधीजींनी कैसर-ए-हिंद हे सुवर्णपदक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धसेवेची पदकं व्हाइसरॉयकडे परत धाडली होती. पुढं हेच गांधीजी जमनालालजींच्या आग्रहानं वर्ध्याला आले आणि 1936 मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, मुक्कामाला गेले. सरकारी मान परत करणारी दोन माणसं ज्या मुलखात शेजारी राहिली, तिथं शाल-श्रीफळाकडं बघण्याची नजर जरा वेगळी असणारच.

तिसरं नाव हिंगणघाटचं. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी तिथला. बाबांच्या पुरस्कारांची यादी वाचताना दम लागतो: 1971 मध्ये पद्मश्री, 1979 मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार, 1985 मध्ये मॅगसेसे, 1986 मध्ये पद्मविभूषण, 1990 मध्ये टेम्पलटन, 1999 मध्ये गांधी शांतता पुरस्कार. त्यातले दोन्ही पद्म सन्मान त्यांनी 1991 मध्ये नर्मदा खोऱ्यातल्या आदिवासींना मिळालेल्या वागणुकीच्या निषेधार्थ परत केले. एक मान मात्र त्यांनी आयुष्यभर जवळ ठेवला. तरुणपणी रेल्वेत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले. ही हकिकत गांधीजींच्या कानावर गेली आणि त्यांनी बाबांना ‘अभयसाधक’ म्हटलं. त्याला ना मंच होता, ना सन्मानचिन्ह, पण बाबांची ओळख करून देताना आजही पद्मविभूषणाच्या आधी हेच विशेषण ओठांवर येतं.

विनोबांची गोष्ट तर याहून न्यारी. मॅगसेसे पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो 1958 मध्ये आणि पहिल्याच वर्षी समाजनेतृत्वासाठी विनोबांचं नाव निघालं. तेव्हा विनोबा कुठं होते? रस्त्यावर. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत भूदानाची पहिली जमीन मिळाल्यापासून त्यांची पदयात्रा चालूच होती. भारतरत्न जाहीर झालं 1983 मध्ये. त्याआधीच, 15 नोव्हेंबर 1982 रोजी, त्यांनी पवनारला देह ठेवला होता. हयातीत भारतरत्न द्यायला कुणी आलं असतं, तर धाम नदीच्या काठावर त्याला काय उत्तर मिळालं असतं, याचा अंदाज वर्धेकर गमतीनं बांधू शकतात.

या जिल्ह्यानं सन्मानाचं एक स्वतःचं मापही काढलं होतं. गांधीजींच्या अस्थींचं पवनारला धाम नदीत विसर्जन झालं ते 12 फेब्रुवारी 1948 ला. त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी सर्वोदय मेळा भरू लागला. तिथं फुलं आणायची नाहीत, आपण कातलेल्या सुताची एक गुंडी आणायची, अशी प्रथा विनोबांनी घातली. ही सूतांजली. एका गुंडीत 640 तार. ज्यानं चरखा हातात धरलाय त्यालाच कळतं की 640 तार म्हणजे किती वेळ आणि किती तुटलेले धागे. बाजारातून हार विकत आणता येतो, गुंडीसाठी बसावं लागतं. सेवाग्रामकडच्या कार्यक्रमांत पाहुण्यांच्या गळ्यात अजूनही सूतमाला पडते. ती आता बहुधा खादी भांडारातून येते, ही गोष्ट वेगळी.

ज्यांच्या गळ्यात फारशा माळा पडल्या नाहीत, त्यांचं काय? वर्ध्याजवळचं दत्तपूर घ्या. विनोबांच्या सहवासातल्या मनोहर दिवाण या तरुणानं 1936 मध्ये तिथं कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. कुष्ठरोगाचं काम तोवर आपल्याकडं बहुतांशी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हाती होतं. महारोग्याला गावाबाहेर काढणं हाच तेव्हाचा उपचार, आणि त्याच्या जखमा धुणाऱ्यालाही लोक चार हात लांब ठेवत. संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना हाच आजार झाला, तेव्हा गांधीजींनी त्यांना सेवाग्राम आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्यांचं मालिश केलं. परचुरे कुटी आजही आश्रमात बघायला मिळते. बाबा आमट्यांचं आनंदवन 1949 नंतरचं, दत्तपूर त्याच्याही आधीचं. तरी दिवाणांचं नाव विदर्भाबाहेर किती जणांना ठाऊक आहे? कीर्ती समान वाटली जात नाही, हे मान्य. पण जिल्ह्यानं तरी आपल्या माणसाचं नाव शाळेतल्या पोरांच्या तोंडी ठेवायला हवं होतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

या कामाचा एक धागा मात्र थेट जगाशी जोडला गेला. 1951 मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. याच संस्थेनं 1986 मध्ये कुष्ठकार्यासाठी आंतरराष्ट्रीय गांधी पुरस्कार सुरू केला. तो दर दोन वर्षांनी दिला जातो आणि राष्ट्रपती किंवा उपराष्ट्रपतींच्या हस्ते तो दिला गेला आहे. 2021 चा पुरस्कार चंदीगडचे डॉ. भूषण कुमार आणि गुजरातचा सहयोग कुष्ठयज्ञ ट्रस्ट यांना मिळाला. वर्ध्यानं पुरस्कार घेतले तसे दिलेही. जमनालालजींच्या नावाचे पुरस्कार 1978 पासून दिले जातात. त्यांत रचनात्मक कार्याचा आहे, ग्रामविकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरणाऱ्यांचा आहे, जमनालालजींच्या पत्नी जानकीदेवींच्या स्मृतीतला महिला आणि बालकल्याणाचा आहे आणि भारताबाहेर गांधीविचार नेणाऱ्यांचाही आहे. जानकीदेवींना स्वतःला 1956 मध्ये पद्मविभूषण मिळालं होतं. पुरस्काराचा सोहळा मुंबईत होतो, नाव मात्र वर्ध्याचं.

आता सिंधुताई सपकाळ. वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघे गावात जन्मलेली ही मुलगी घरात नकोशी, म्हणून नाव ‘चिंधी’. शिक्षण जेमतेम चौथी, तेही म्हशी राखता राखता. लग्न होऊन सेलू तालुक्यातल्या जंगलाकाठच्या नवरगावी आली. गोळा केलेल्या शेणाचा मोबदला बायांना मिळत नाही म्हणून ती बोलली आणि त्याची किंमत पोटात मूल असताना घराबाहेर पडून मोजली, हे त्यांनी शेकडो व्यासपीठांवरून सांगितलं. पुढं त्या अनाथांच्या माई झाल्या. त्यांच्यावर 2010 मध्ये चित्रपट निघाला, शेकडो पुरस्कार मिळाले. पद्मश्री मात्र 2021 ची. 9 नोव्हेंबर 2021 रोजी राष्ट्रपती भवनात त्यांनी ती स्वीकारली आणि 4 जानेवारी 2022 रोजी त्या गेल्या. मधे दोन महिनेही नव्हते. आपल्याकडं सन्मानाला उशीर होण्याची सवय इतकी जुनी आहे की मेल्यावर रस्त्याला नाव दिलं की सगळ्यांना कर्तव्य पार पडल्यासारखं वाटतं.

पण सगळे सन्मान एकट्या माणसाचे नसतात, आणि मला विचाराल तर वर्धा जिल्ह्याला मिळालेला अलीकडचा सगळ्यात देखणा मान एका गावाचा आहे. आर्वी तालुक्यातलं काकडदरा हे कोलाम आदिवासींचं छोटं गाव. उतारावरची जमीन, पाऊस पडला की पाणी दगडांवरून धावत निघून जायचं. पानी फाउंडेशनची सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा 2017 मध्ये 30 तालुक्यांत झाली. 8 एप्रिल ते 22 मे असे 45 दिवस. विदर्भातला तो काळ कसा असतो ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पारा पंचेचाळिशीच्या पुढं, दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. अशा दिवसांत कुदळ, फावडं आणि घमेलं घेऊन डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचे, ओघळींवर दगडी बांध घालायचे, घराघरांपुढं शोषखड्डे काढायचे. लोक पहाटे निघायचे, ऊन चढायच्या आत परतायचे आणि सांजच्याला पुन्हा जायचे. श्रमदानाला या स्पर्धेत वजनदार गुण असायचे, आणि गाव लहान असलं की प्रत्येक हात मोजला जायचा. काकडदऱ्याला पहिला क्रमांक मिळाला. 50 लाखांचं बक्षीस ऑगस्टमध्ये पुण्यात मिळालं, तेव्हा सातारा-बीडची नावाजलेली गावं त्यांच्या मागं होती.

इथं सत्काराची एक मोठी अडचण आपोआप सुटते. शाल कुणाच्या खांद्यावर घालायची, हा प्रश्नच उरत नाही. कुणी किती खणलं हे गावातल्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळं खोटा मानकरी उभा राहूच शकत नाही.

असाच आणखी एक गावाचा मान आष्टीचा. 16 ऑगस्ट 1942 ला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले आणि गोळीबारात माणसं पडली. आज नकाशावर, बसच्या पाटीवर, सरकारी कागदावर गावाचं नाव ‘आष्टी (शहीद)’ असं लिहिलं जातं. एखाद्या गावानं आपल्या माणसांना मानपत्र द्यायचं ठरवलं तर याहून लहान आणि याहून टिकाऊ मानपत्र कसं लिहिणार?

मानपत्राचा विषय निघालाच आहे तर आजच्या सत्कार समारंभांकडं वळू. प्रजासत्ताक दिनाला, महाराष्ट्र दिनाला, शिक्षक दिनाला, थोरांच्या जयंत्यांना जिल्ह्यात सत्कार होतात. आदर्श शिक्षक, गुणवंत खेळाडू, प्रयोगशील शेतकरी, दहावी-बारावीची पोरं, आशा ताई, अंगणवाडी सेविका. यातली बहुतेक माणसं खरोखर मानाची असतात. गोची होते ती मंचावर. फ्लेक्सवर सत्कारमूर्तीपेक्षा पाहुण्यांचे फोटो मोठे. प्रास्ताविक अर्धा तास, पाहुण्यांची भाषणं दीड तास. मग सूत्रसंचालक सांगतो, ‘वेळेअभावी सत्कारमूर्तींचा परिचय थोडक्यात’. मे महिन्यात लोकरीची शाल खांद्यावर पडते, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात सेलोफेनमधला पुष्पगुच्छ, वर सन्मानचिन्ह सांभाळायचं. फोटोग्राफर ‘ताई, इकडं बघा’ म्हणतो आणि पुढचं नाव पुकारलं जातं. त्या ताईंनी नेमकं काय केलं, ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळतच नाही. आणि पैसे भरून मिळणाऱ्या पुरस्कारांबद्दल न बोललेलंच बरं. नोंदणी शुल्क भरा, प्रवास आपला, भूषण-रत्न आमचं!

जाता जाता नियमाची एक गोष्ट. घटनेच्या 18 व्या कलमानं किताबांना बंदी आहे. पद्म सन्मान त्या अर्थानं किताब नाहीत, पण ते नावाच्या आधी किंवा मागं लावता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये स्पष्ट केलं. तरी आपल्या निमंत्रणपत्रिका आणि फ्लेक्स ‘पद्मश्री’नं सुरू होतात ते होतातच.

माझं म्हणणं इतकंच की सत्काराचा जीव शालीत नसतो, मानपत्राच्या मजकुरात असतो. ‘आरोग्य क्षेत्रात मोलाचं योगदान’ असं लिहिलं की ते कुणालाही लागू पडतं, म्हणून कुणाचंच होत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचंच काम बघा. हंगामात प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणं ज्वारी जमा करायची, त्यावर गावाचा आरोग्य विमा चालायचा आणि अचानक मोठं दुखणं आलं तर कस्तुरबा रुग्णालयात इलाज व्हायचा. पैसा नसलेल्या शेतमजुराला हातात ज्वारी आली की विमेदार होता यायचं. मानपत्रात एवढं लिहिलं तर एकही विशेषण लागत नाही.

हे छोट्या पातळीवरही करता येतं. 2023 मध्ये राज्य शासनानं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं एक योजना आणली: 31 मे या जयंतीदिनी प्रत्येक ग्रामपंचायतीनं गावातल्या दोन कर्तबगार महिलांचा सन्मान करायचा. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र आणि रोख 500 रुपये. रक्कम ऐकून शहरातला माणूस हसेल. पण वर्धा जिल्ह्यात पाचशेच्या वर ग्रामपंचायती आहेत, म्हणजे एका दिवसात हजारावर बाया, आपापल्या गावात, आपल्या सासू-सुनांसमोर. दिल्लीतल्या सभागृहात टाळ्या मिळवणं एक वेळ सोपं. ज्या गावात आपलं लग्न, भांडण, उधारी सगळं सगळ्यांना ठाऊक आहे, तिथं मान मिळणं अवघड. अट एकच: सरपंचाच्या वहिनीचं नाव यादीत आधीच लिहिलेलं नसावं.

मोठ्या सन्मानाचं दारही आता बंद नाही. पद्म पुरस्कारांसाठी कुणीही नागरिक ऑनलाइन शिफारस करू शकतो. आमदार-खासदाराचं पत्र लागत नाही, फार तर 800 शब्दांत त्या माणसाचं काम लिहून द्यावं लागतं. अडतं ते याच 800 शब्दांपाशी. कारण आपण आपल्या शेजाऱ्याचं काम कधी नीट विचारलेलंच नसतं. कधी सुरू केलं, किती जणांसाठी, पैसे कुठून आणले, बंद पडायची वेळ केव्हा आली, काही माहीत नसतं.

तेव्हा दिवाळीच्या सुटीत गावी जाणार असाल तर एक काम करा. गावातला एक माणूस हेरा: रोज सकाळी वाचनालय उघडणारा, दारूबंदीच्या मोर्च्यात पुढं असलेली बाई, तालुक्याला कुस्ती जिंकून आलेली पोरगी, कुणीही. त्याच्या ओसरीवर बसा आणि विचारून सगळं साल-तारखेसह लिहून काढा. ते कागद घेऊन ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव मांडा. त्याला मंडप लागत नाही, शाल लागत नाही, खर्च शून्य, आणि ठराव ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात कायमचा राहतो. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला अजून वेळ आहे.