रानातील आमरी : परागण व बीजधारणा

मुंबईस दादरच्या फुलबाजारात ऑर्किडच्या जांभळ्या दांड्या विकावयास येतात. त्या लागवडीतील संकरित जातींच्या असतात. ह्याच कुलातील रानटी वनस्पतींस मराठीत आमरी म्हणतात. सह्याद्रीतील अनेक आमरी आता दुर्मिळ झाल्या आहेत. त्यांची वाढ इतकी मंद का, हे त्यांच्या फुलावरून उमगते.

इतर बहुतेक फुलांत पराग पिठासारखे सुटे असतात. आमरीत त्यांचे पुंज बनलेले असतात. फुलावर आलेल्या कीटकाच्या डोक्यास वा सोंडेस हा पुंज चिकटतो व त्याच जातीच्या दुसऱ्या फुलातील किंजल्कावर पोहोचतो. हबेनारिया प्रजातीत मकरंद लांब नळीच्या तळाशी असतो. तेथवर पोहोचणारी सोंड थोड्याच कीटकांस असते. कित्येक जाती तर मकरंद न देता कीटकांस नुसत्या फसवितात. जगभरच्या नोंदींनुसार मकरंद देणाऱ्या जातींत सुमारे ३७ टक्के, तर न देणाऱ्या जातींत सुमारे २१ टक्के फुलांनाच फळ धरते.

एका बोंडात हजारो बिया असतात. परंतु त्या धुळीसारख्या सूक्ष्म असून त्यांत अन्नसाठा नसतो. रानात योग्य बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. म्हणून फुललेला तुरा खुडणे म्हणजे त्या वर्षाचे सारे बीज गमावणे होय.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. तेथील फादर सांतापाव यांनी कापडिया यांच्यासह लिहिलेला ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. पाचगणीच्या नावाने ओळखली जाणारी हबेनारियाची दुर्मिळ जातीही ह्या दोघांनीच शास्त्रास परिचित करून दिली. संग्रहातील वाळलेल्या नमुन्यावरून जातीची ओळख पटते. पण त्यास बीज धरत नाही. ते गावच्या माळावरच धरावयाचे असते.

शिक्षकांनी पावसाळी सहलीत आमरी आढळल्यास ती तोडू वा उपटू देऊ नये. शेजारी खूण करून मुलांकडून तुऱ्यावरील फुले मोजवून घ्यावीत. फुलामागील देठासारखा भाग म्हणजे किंजपुट. परागण झाल्यास तोच फुगून बोंड होते. काही आठवड्यांनी पुन्हा जाऊन बोंडे मोजावीत व दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. वीस फुलांमागे चारपाचच बोंडे दिसली, तर फूल का तोडू नये हे मुलांस निराळे सांगावे लागणार नाही.